उलटा राजा

जेवणाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय ना, हे पाहायला आई मुलीच्या ऑफिसातल्या टेबलावर वाकली आणि तिच्या गळ्यातलं पदक नेमकं साहेबांच्या भिंगासमोर लोंबू लागलं.

मुलगी संग्रहालयात जुनी नाणी ओळखायचं काम करायची. भोक पाडलेली, कडी जोडलेली, घासून चकचकीत केलेली नाणी आली की ती आणि साहेब मिळून अशा दागिन्यांच्या मालकांना नावं ठेवायचे. आईचं पदकही असंच एक नाणं होतं, आणि त्याला तर कडी नाण्यावरच्या राजाच्या गळ्याखाली बसवलेली होती.

"राजेसाहेब शीर्षासन करतायत की," साहेब हसले. "जुनं आहे का हो?"

मुलीने मान वर केली नाही. "छे, नकली आहे. बाजारात ढिगाने मिळतं."

आईही हसली. "आणि मी इतकी वर्षं मिरवतेय," म्हणत तिने पदक आत सारलं. डबा उरवू नकोस असं बजावून ती जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कपडे वाळत घालताना, तिचं हृदय थांबलं.

नंतर मावशी कपाट आवरायला आली. आईच्या बांगड्या, कानातलं तिने भाचीपुढे ठेवलं. पदक मात्र स्वतःच्या पर्समधून काढून नुसतं दाखवलं.

"हे नको तुला. तुझ्या ऑफिसात येऊन गेली, त्याच संध्याकाळी ताईने आणून दिलं मला. म्हणाली, खोटं आहे, पोरीला देऊ नकोस, तिला ऑफिसात हसतील."

मुलीने हात पुढे करून पदक घेतलं. मागची झिजलेली अक्षरं बोटांना लागली. लहानपणी आईच्या मांडीवर बसून तिने ती गिरवली होती. ती वाचता यावीत म्हणूनच पुढे ती लिपी शिकली होती. वजन, कडा, ठसा, सगळं केव्हाच तपासून झालं होतं.

"कडी लावताना सोनार चुकला वाटतं," तिने कसंबसं विचारलं.

"चुकतोय कसला. ताईनेच तशी लावून घेतली. लोकांना काय दाखवायचंय, म्हणायची, मी खाली बघितलं की मला राजा दिसला पाहिजे."

मुलीने पदक गळ्यात घातलं आणि मान खाली घातली. राजा सरळ होता. नाक घासून गेलेलं, पण सरळ.

"दे इकडे," मावशी म्हणाली. "खोटं तर खोटं. ताईची आठवण म्हणून राहील माझ्याकडे."

मुलीने पदक मुठीत धरलं. मान वर झाली नाही.

"खरं आहे, मावशी. मला तेव्हाही माहीत होतं."