दोन खांबांमधल्या माणसाची टोपी

या मित्रांनो, अंमळ पुढे सरका. मागे बसलात तर माझे बोलणे पोचायचे नाही. मी एक जुनी टोपी आहे, कापडाची, आणि कापडाला आवाज तो किती असणार. पण माझ्याजवळ एका माणसाची गोष्ट आहे, आणि ती मी तुम्हांला पुरती सांगणार आहे. ती गोड मात्र नाही. मला राग आलेला आहे. देव सगळे पाहतो, मग त्याच्यासमोर उगाच साखर कशाला पेरायची?

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात, शिवणयंत्राखालच्या चिंध्यांच्या टोपलीत झाला. तिथे एक बाई काजे-बटणे करायची. तिला सगळे आक्का म्हणत. तिचा धाकटा भाऊ फुटबॉलमध्ये गोलकीपर होता. संध्याकाळचे ऊन डोळ्यांत जाऊन त्याचा चेंडू सुटतो असे तिने ऐकले, आणि कुणाच्या तरी गणवेशाचे उरलेले निळे तुकडे जोडून तिने मला शिवले. पुढच्या चोचीत आधी पुठ्ठा घातला होता. तो पहिल्याच सामन्यात घामाने भिजला आणि चोच म्हाताऱ्या म्हशीच्या कानासारखी लोंबली. मग आक्काने फुटक्या बादलीचा तुकडा कापून आत सरकवला. तेव्हापासून माझी चोच ताठ आहे. बादलीचा गुण, दुसरे काय.

माझा गोलकीपर एका जागी कधी टिकला नाही. टिकला नाही म्हणजे त्याला टिकू दिले नाही. कुठल्या संघाच्या गोलकीपरचे बोट मोडले, कुणाचा खांदा निखळला, की याला बोलावणे यायचे. गिरणीचा संघ झाला, गोदीचा झाला, वीज कंपनीचा झाला. कधी गॅरेजवरची खोली, कधी धोबीखान्यामागची, एक खाट आणि एक खिळा. खाटेवर तो आणि खिळ्यावर मी. त्या संघाचा माणूस बरा झाला की याचे बिऱ्हाड पाठीवर. आक्का म्हणायची, "अरे, कावळासुद्धा एका झाडावर वर्षभर राहतो." तो हसून म्हणायचा, "कावळ्याला कुणी बदली म्हणून बोलावत नाही, आक्का."

आणि त्याची ती सवय. सामना सुरू होण्याआधी तो दोन्ही खांबांपाशी जायचा. उजव्याला थोरले म्हणायचा, डाव्याला धाकटे. हात लावून विचारायचा, "काय थोरले, आहात ना जागेवर? धाकटे, डुलक्या काढू नका." चेंडू लांब असला तरी बोलणे चालूच. मागे न बघता हात मागे करायचा, खांबाला बोटे टेकवायची, एक पाऊल पुढे, पुन्हा हाक. लोकांनी त्याचे नाव खांबोबा ठेवले.

मित्रांनो, मी त्याच्या डोक्यावर होते. त्या डोक्यात काय चालते ते मला कळायचे. गोलकीपरची पाठ नेहमी गोलकडे असते. जे राखायचे तेच त्याला दिसत नाही. बाकीचे खेळाडू एकमेकांना हाका मारतात, याच्या जवळपास चिटपाखरू नसते. म्हणून तो हाताने आणि आवाजाने गोल मोजायचा. गाणारा जसा मधून मधून षड्जावर येऊन टेकतो आणि मग पुन्हा लांब जातो, तसा तो खांबावर येऊन टेकायचा. त्यात वेडेपणा नव्हता, ते त्याचे काम होते.

पण विचारतो कोण? माइकवाला ओरडायचा, "आले, खांबोबा आले. थोरल्यांची विचारपूस झाली की खेळ सुरू होईल." लोक पोट धरून हसायचे. हळूहळू संघांनाही कळले की याला बघायला गर्दी होते. मग बोलावणी वाढली, पण कशासाठी? मैदानाच्या भिंतीवर त्याचे भल्यामोठ्या कानांचे चित्र रंगवायचे, किरकोळ सामन्यांत त्याला उभे करायचे, आणि सामना चुरशीचा असला की बाकावर बसवायचे. एक मॅनेजर तर तोंडावर म्हणाला, "तू लोकांना हसवतोस ते बरं आहे. गोल अडवायला आपल्याकडे दुसरा आहे." माझा माणूस त्या वर्षी सगळ्यांत कमी गोल खाल्लेला गोलकीपर होता. ते त्या मॅनेजरच्या लक्षातही नव्हते. मला उलटे करून माझ्या गोलकीपरने माझ्यातला घाम पिळला आणि मला पुन्हा डोक्यावर घातले. मी एखादे दगडी शिरस्त्राण असते तर त्या मॅनेजरच्या पायावर आदळले असते.

नव्व्याण्णव झेलले त्याचे नाव ना घे कोणी,
एक सुटला त्याची मात्र गावभर कहाणी.

असे हे जग आहे. आता कान इकडे द्या.

त्याला एक मुलगी होती. तिची आई ती तान्ही असतानाच देवाघरी गेली, म्हणून ती आक्काकडे वाढली. बाप सुट्टीला घरी यायचा तेव्हा ती त्याच्या पाठीवरून उतरायची नाही. पण पुढे ती मोठी झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात एका मुलाने निळी टोपी घातली, दोन खुर्च्या मांडल्या, आणि त्यांना थोरले-धाकटे म्हणत उड्या मारल्या. सगळी शाळा हसली. पहिल्या रांगेतले शिक्षकही हसले. मुलगी घरी आली आणि जेवली नाही.

तो आठवडा नेमका असा होता की त्याच्या संघाचा मुख्य गोलकीपर जायबंदी झाला होता आणि रविवारचा सामना हरला तर संघ खालच्या गटात जाणार होता. कितीतरी वर्षांनी त्याला खरा सामना मिळाला होता. तो आनंदाने घरी सांगायला आला, तर मुलगी म्हणाली, "बाबा, मी रविवारी आत्याबरोबर येईन. पण तुम्ही खांबांशी बोलायचं नाही. हातपण लावायचा नाही. बाकीच्यांसारखं साधं उभं राहायचं."

आक्का म्हणाली, "अगं, त्याची पद्धत आहे ती."

"पद्धत नाही आत्या, तमाशा आहे. मला जोकराची मुलगी म्हणतात."

त्याने मला डोक्यावरून काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "बरं. नाही बोलणार."

रविवारी त्याने तमाशा नको म्हणून मलाही घडी घालून जाळीच्या आत, खांबाच्या बुडाशी ठेवले. तिथून मी सगळे पाहिले, आणि पाहिले नसते तर बरे झाले असते. तो मुक्याने उभा होता. हात दोन्ही बाजूंना, डोळे पुढे. एक पाऊल पुढे सरला, मग अर्धे बाजूला, आणि आपण कुठे आहोत हेच त्याला कळेना. पहिला गोल थोरल्या खांबाला घासून गेला. तो झेपावला होता, पण चुकीच्या जागेवरून. दुसराही तिथूनच गेला. आणि जे लोक त्याच्या बोलण्याला हसत होते, तेच आता त्याला शिव्या घालू लागले. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली. ती माझ्याशेजारी येऊन पडली. माइकवाला म्हणाला, "खांबोबांचं आज मौनव्रत दिसतंय." वाहवा रे शहाण्या.

मध्यंतराला तोच मॅनेजर त्याच्यावर धावून आला. "तुला घेतलंय कशाला? दोन माकडचाळे तरी कर. लोक पैसे देऊन आलेत."

तेव्हा मी त्याचा राग पहिल्यांदा पाहिला. तो हळू आवाजात म्हणाला, "माकडचाळे तुमच्या भिंतीवर आहेत साहेब, मी नव्हते काढले ते." आणि मला मुठीत धरून बाहेर बोळात आला. तिथे आक्का आणि मुलगी उभ्या होत्या. मुलीचे डोळे लाल झाले होते.

"बाबा, दोन्ही गोल एकाच बाजूने कसे गेले?"

"थोरला कुठे आहे ते समजलंच नाही मला."

"म्हणजे?"

"पाठीला डोळे असतात का बाळ? हात लावला, हाक मारली की अंगात बसतं, गोल इथून इथवर आहे. नाहीतर मी नुसता मैदानात उभा असलेला माणूस."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. बोलू नका म्हणालीस."

"आणि लोकांना? इतकी वर्षं?"

"त्यांनी तरी कुठं विचारलं."

तिने त्याच्या मुठीतून मला ओढून घेतले, चोच सरळ केली आणि त्याच्या डोक्यावर बसवले. जरा जोरातच बसवले. "जा," ती म्हणाली, "बोला त्यांच्याशी. मोठ्यानं बोला."

उत्तरार्धात तो समोरच्या गोलमध्ये गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "थोरले, माफी असावी. धाकटे, तुम्हीही." हशा उसळला. तेव्हा जाळीमागे दोरीपाशी आलेली ती मुलगी मैदानाकडे पाठ करून लोकांकडे वळली आणि म्हणाली, "हसू नका. ते काम करतायत." तिचा आवाज फुटका होता, तो पुढच्या दोन रांगांपलीकडे गेला नसेल. पण त्या दोन रांगा गप्प झाल्या.

त्यानंतर एकही चेंडू आत गेला नाही. एक त्याने बोटाच्या टोकाने आडव्या दांड्यावरून ढकलला, एक पायाने, एक तोंडावर घेतला. तोंडावर घेतल्यावर रक्त थुंकून धाकट्याला म्हणाला, "हा तुमच्या वाटणीचा होता." त्याच्या संघाने मात्र एकच गोल फेडला. सामना गेला, संघ खालच्या गटात गेला, आणि खापर कुणाच्या माथी फुटले ते तुम्हांला सांगायला नको. त्या माथ्यावर मीच होते. पुन्हा त्याला कुठल्याच संघाने बोलावले नाही. पण त्या संध्याकाळी मुलगी त्याचा हात धरून भर रस्त्याने चालत घरी आली. शाळेतली चार मुले समोरून आली तरी तिने तो सोडला नाही.

पुढे तो एका शाळेच्या मैदानाची देखभाल करत म्हातारा झाला आणि गेल्या वर्षी शांतपणे गेला. आक्का त्याच्या आधीच गेली होती.

तेरावा उलटला आणि तो मॅनेजर, आता काठी टेकत, दारात उभा राहिला. क्लबात म्हणे काचेचे कपाट केले आहे, त्यात मला ठेवायचे होते. त्याने एक छापलेली पाटी काढून दाखवली. तिच्यावर लिहिले होते, 'सर्वांना हसवणारा आमचा लाडका खांबोबा.'

मुलगी, म्हणजे आता दोन लेकरांची आई, म्हणाली, "काका, बसा. चहा घ्या. पण ही पाटी बदला. गोलकीपर असं लिहा."

"अगं, नुसतं गोलकीपर लिहिलं तर कोण ओळखेल त्याला? लोक प्रेमानंच हसायचे की."

"प्रेमानं हसायचे आणि बाकावर बसवायचे. तुम्ही बसवलंत त्यांना."

"जाऊ दे ना आता. गेलेल्या माणसाचं काय उकरून काढायचं."

"मी उकरत नाही काका. तुम्ही त्यांच्यातला गोलकीपर पुरताय."

म्हातारा चहा न घेता उठला. पाटी बदलायला तो तयार झाला नाही, आणि तिने मला दिले नाही. काचेचे कपाट हुकले. माझा रंग विटला आहे, एका बाजूची शिवण उसवली आहे, अजून चार-दोन वर्षांत माझ्या चिंध्या होतील. त्याचे मला काही वाटत नाही. पण त्या कपाटात दुसरी कुठली तरी निळी टोपी आणून ठेवतील आणि खाली तीच पाटी लावतील, या विचाराने मी आतून जळते.

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. एखादा माणूस आपल्या कामात काही विचित्र करताना दिसला, तर हसण्याआधी त्याला विचारा की बाबा रे, हे कशासाठी? आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा माझ्या माणसाची आठवण काढा. तुम्हांला त्याचे नाव ठाऊक नाही, म्हणून ते लोकांनी ठेवलेले नाव घेऊ नका. एक गोलकीपर होता, एवढेच म्हणा. ज्याने ऐकायचे त्याला कळेल.