खंडेनवमीचा धोटा

सोजराबाईंचा हात धोट्यावर पडणार, इतक्यात उद्धवराव खेकसले.

"हां! शिवू नको. पूजा झालीय."

पाटावर नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, खुरपी अशी हत्यारं ओळीनं मांडली होती. खंडेनवमीला दर वर्षी मांडतात तशीच. पण या वर्षी कुऱ्हाडीच्या पात्याला टेकून झालर विणायचा, बोटभर लांबीचा एक लाकडी धोटा बसला होता. हळद-कुंकू लावून, झेंडूचं फूल पांघरून. जणू त्यानंही नऊ एकर नांगरलं होतं.

"ह्याला कामून मांडलात हितं?"

"हत्यार न्हाई का ते? तीस वर्षं राबायलंय. एक दिवस निजू दे त्याला."

"आन् माझी झालर?"

"उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर एक बी हत्यार हलायचं न्हाई." उद्धवरावांनी पटका झटकून डोक्याला गुंडाळला आणि ते पाराकडं चालते झाले.

तो धोटा सोजराबाईंच्या आप्पांनी शिसवीच्या तुकड्यातून कोरला होता. बिदरला माहेरी असताना एका मास्तरणीनं त्यांना सुईशिवाय, नुसत्या बोटांवर गाठी मारत झालर विणायला शिकवलं, तेव्हाचा. आकार मासोळीचा, पोटात दोरा गुंडाळलेला. त्या पोटातून आजवर निघालेला दोरा सलग जोडला असता तर त्यांच्या मन्नाएखेळ्ळी गावाहून निघून हैदराबादेला पोचला असता, चारमिनाराला तीन वेढे देऊन जेवायच्या वेळेला घरी परत आला असता. आता आप्पा नव्हते, आणि धोट्याचंही आवरत आलं होतं. टोकं बोथटली होती, पाठीला उभी चीर गेली होती. दोरा चिरेत अडकायचा, तुटायचा. सोजराबाई मेण चोळायच्या, पुन्हा बसायच्या.

"एवढी कुंची होऊ दे रे बाबा," त्याला म्हणायच्या, "मग मोड सुखानं."

कुंची लेकीच्या बाळाची होती. उद्या दसऱ्याला, दुपारच्या मोटारीनं इंदू बाळ घेऊन सासरी गुलबर्ग्याला निघायची होती. तिच्या सासूबाई सत्यभामाबाई बाळंतविड्यातला एकेक टाका उजेडात धरून बघणाऱ्या. आणि कुंचीची झालर वीतभर राहिली होती. वीतभर म्हणजे चांगलं अर्ध्या दिवसाचं काम. धोटा धड असला तर.

सोजराबाईंचा जीव चुलीपुढं ठरेना. पुरण शिजायला टाकून त्या माजघरात आल्या, ओळीकडं बघून परत गेल्या. पुन्हा आल्या. रिकामी बोटं आपोआप गाठी मारत होती. वाटीभर तूप मागायला आलेली शेजारची ईरम्मा हे बघून फिसकन हसली.

"काय अक्का, दाल्ला परगावी गेल्यावानी करायलीस!"

"दाल्ला गेला तर चार दिस बरं वाटतंय गं."

"आई, ऱ्हाऊ दे ना," इंदू बाळाला थोपटत म्हणाली. "सुईनं दुमडून टाक तेवढी किनार."

"आन् तुझ्या सासूला काय सांगू? आज्जीचे हात मध्येच झडले म्हनून?"

पोळ्या लाटता लाटता एकदम त्यांनी लाटणं खाली ठेवलं. बाहेर डोकावल्या. पारावर उद्धवराव हातवारे करून कुणाला तरी काही पटवत होते. सोजराबाई माजघरात आल्या, देवाकडं पाठ केली, फूल बाजूला सारलं आणि धोटा चिमटीत धरून उचलला.

अंगठा आत रुतला.

त्या थबकल्या. धोटा उंबऱ्याच्या उजेडात नेला. पाठीवरची चीर दिसेना. तिच्या जागी तपकिरी लगदा भरला होता, कडेनं बोट फिरवून सारखा केलेला. त्यांनी वास घेतला. चिंचोक्याची खळ, त्यात लाकडाचा भुसा. टोकंही कुणी तरी घासून पुन्हा निमुळती केली होती.

खळ वाळायला एक अख्खा दिवस लागतो. आणि सोजराबाईंना एक अख्खा दिवस धोट्यापासून लांब ठेवायची ताकद तीस वर्षांत नवऱ्यात कधी नव्हती. देवात होती.

त्यांनी धोटा होता तसा कुऱ्हाडीला टेकवला. फूल वर ठेवलं. हात जोडले, पण कुणाला ते नीट ठरेना, म्हणून लगेच सोडले.

"आई, घेतलास का गं धोटा?"

"हात लावू नये बाई. देवाचं हाय ते."

मग मात्र त्यांची येरझार दुप्पट झाली. मांजर आलं, हाकललं. दाराची फट ऊन यायला उघडली, धूळ येईल म्हणून लोटली, पुन्हा उघडली. उद्धवराव जेवायला आले, तेव्हा न मागता चौथी पोळी ताटात पडली. त्यांनी बायकोकडं पाहिलं. बायको तूप वाढत होती.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली. उद्धवरावांनी फाळ उचलायच्या आधी धोटा उचलला, नख मारून बघितलं. खळ दगडासारखी झाली होती. दारात नेऊन त्यांनी तो उलटसुलट केला, आणि एका जागी त्यांचा हात थांबला. पाठीवर अंगठ्याएवढा खळगा होता. रेघा दिसण्याइतका स्पष्ट.

सोजराबाई कुंची मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मान वर केली नाही.

"काल देवी येऊन गेली म्हनायची घरात," उद्धवराव म्हणाले.

"येती. सणासुदीची."

"अंगठा लई दांडगा हाय तिचा."

"आसंल."

उद्धवरावांनी खळगा डोळ्यांशी धरला. "कणीक बी वाळलीय ह्येच्यात."

"कामून, देवी काय उपाशी ऱ्हाती व्हय?" म्हणत सोजराबाईंनी हात पुढं केला. "आना हिकडं. मोटार यायच्या आत झालर व्हायची हाय."