अकरा महिन्यांचा परदेश

लिफ्टवाल्याला त्याचं चारित्र्य कुणी विचारत नाही. लिफ्ट कधी चालू होणार, एवढंच विचारतात, आणि तेही जिन्यावर धापा टाकत. त्यामुळे साठी उलटल्यावर व्हिसासाठी चारित्र्याचा दाखला मागितला तेव्हा मला हसूच आलं होतं. ते हसू एजंटच्या टेबलासमोर उतरलं.

एजंट म्हणजे व्हिसाची कागदपत्रं तयार करून देणारा, माझ्या लेकीच्याच वयाचा माणूस. त्याची कचेरी एका गाळ्यात, दोन खुर्च्या, एक प्रिंटर आणि भिंतीवर विमानाचं कॅलेंडर. व्हिसा कचेरीचं पत्र त्याने माझ्यापुढे सरकवलं आणि पेनाच्या टोकाने एकेक ओळ दाखवत गेला.

"काका, प्रश्न चौदा. कधी शिक्षा झाली आहे का? तुमचं उत्तर, नाही. पोलिसांनी त्यांना कळवलंय, अकरा महिने कैद."

मी भिंतीवरच्या विमानाकडे बघितलं.

"आता प्रश्न नऊ. पूर्वी परदेशात राहिला आहात का? तुमचं उत्तर, हो, अकरा महिने. वर्ष बघा. तेच वर्ष. एकच माणूस तुरुंगात आणि परदेशात एकाच वेळी कसा असेल? उत्तर द्यायला चौदा दिवस दिलेत."

तीस वर्षांपूर्वीचं पोलिसांचं दप्तर एव्हाना उंदरांनी खाल्लं असेल, अशी माझी ठाम समजूत होती. उंदीरसुद्धा वेळेवर काम करत नाहीत.

सांगून टाकतो. मी लिफ्टची देखभाल करायचो. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये एक कार्ड टांगलेलं असतं. दर महिन्याला जायचं, ब्रेक, दोर, वंगण बघायचं आणि कार्डावर सही करायची. प्रत्यक्षात आम्ही सगळेच एका खेपेत तीन महिन्यांच्या सह्या ठोकून यायचो. इमारती चाळीस आणि माणसं तीन, दुसरं काय करणार? साहेबालाही ठाऊक होतं. एका इमारतीतल्या लिफ्टच्या ब्रेकचं लायनर झिजलंय हे मी वैशाखातच पाहिलं होतं. पुढच्या खेपेला बदलू म्हणालो, आणि आषाढापर्यंतच्या सह्या करून खाली उतरलो. मधल्या महिन्यात लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून घसरत थेट खड्ड्यात गेली. आत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. नवव्या दिवशी त्या गेल्या. लिफ्ट पडली त्या दिवशीही कार्डावर माझी सही होती, लिफ्ट ठीक आहे म्हणून.

त्या बाईंचा चेहरा मी कधी पाहिला नाही. कोर्टात त्यांचा मुलगा यायचा आणि माझ्याकडे नुसता बघत बसायचा. शिक्षा कमी झाली असं मला तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं.

लेक तेव्हा पाच वर्षांची. बायको म्हणाली, "पोरीला काय सांगायचं ते माझ्यावर सोडा." तिने सांगितलं, बाबा परदेशात लिफ्ट बसवायला गेलेत. तिकडे इमारती एवढ्या उंच की काम संपता संपत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिचं धोरण. मी सुटून आलो तेव्हा पोर धावत आली आणि तिने विचारलं, "तिकडे बर्फ होता?" मी म्हणालो, "खूप." एवढंच माझं खोटं. बाकीचं पोरच रचत गेली. शाळेत सांगत गेली, मैत्रिणींना सांगत गेली. उद्या सांगू, मोठी झाल्यावर सांगू, लग्नानंतर सांगू, असं करत घोंगडं भिजत पडलं. बायको गेली त्यालाही सहा वर्षं झाली.

आता ती स्वतः परदेशात आहे. खरोखरच्या. नवऱ्याशी पटलं नाही, घटस्फोट झाला, पदरात दोन वर्षांची छोटी. मणक्याचं ऑपरेशन ठरलंय आणि पुढचे सहा आठवडे तिला पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, पोर तर दूरच. "बाबा, तुम्ही या," म्हणाली. "तुम्ही आलात तर छोटीला कुठे ठेवावं लागणार नाही." तिकडे दुसरं कुणी नव्हतं. मी नाही म्हणणार होतो थोडाच?

फॉर्म तिनेच भरला. माझं इंग्रजी लिफ्टच्या बटणांपुरतं. परदेशाची अकरा महिन्यांची नोंद तिने हौसेने केली. आधी जाऊन आलेल्या माणसाला व्हिसा लवकर मिळतो म्हणाली. मग पानं या एजंटकडे छापायला पाठवली, सह्यांच्या जागी फुल्या मारून. सात फुल्या होत्या. मी सातही सह्या एका दमात केल्या. सहीची जागा दिसली की हात आपोआप चालतो, वाचायची सवय आमच्या धंद्याला कधी नव्हती. त्याच सवयीपायी मेलेल्या बाईची आठवण असूनही मी शिकलो नाही, याची चीड मला आता येते. तेव्हा आली नाही.

एजंटला मी हे सगळं सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"काका, खरं लिहिलं असतं तर काम झालं असतं हो. निष्काळजीपणाचा गुन्हा, तीस वर्षांपूर्वीचा, नंतर काही नाही. असे किती जातात माझ्याकडून. त्यांना जुन्या शिक्षेचं फारसं काही नसतं. खोटं बोललेलं मात्र चालत नाही."

शिक्षेमुळे अडलं असतं तर मी नशिबाला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. इथे तेवढीही सोय नव्हती.

आम्ही उत्तर लिहिलं. शिक्षा झाली होती, परदेशात कधी गेलो नाही, मुलीला यातलं काही माहीत नव्हतं, चूक सर्वस्वी माझी. एजंटने वाचून दाखवलं आणि मग विचारलं, "मुलीला सांगितलंत ना? आधी सांगा. फॉर्म तिने भरलाय."

"सांगितलं," मी म्हणालो.

नव्हतं सांगितलं. त्या दोन आठवड्यांत ती रोज फोन करायची. छोटीला पुढ्यात धरून "आजोबा कधी येणार?" विचारायला लावायची. छोटीला 'आजोबा' म्हणता यायचं नाही, 'आबो' म्हणायची. मी दर वेळी ठरवायचो, आज बोलायचं. मग वाटायचं, कशाला? व्हिसा मिळाला तर हा विषयच निघणार नाही. ऑपरेशनच्या तोंडावर तिला कशाला त्रास? असं मी स्वतःला समजावायचो, आणि खरं कारण एवढंच होतं की माझी छाती होत नव्हती. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तो असा. मी बॅगसुद्धा भरून ठेवली होती. छोटीसाठी लोकरीचे मोजे घेतले होते.

निकाल मला आलाच नाही. बोलावणारी ती, म्हणून पत्र तिला गेलं.

दुपारी फोन वाजला. तिकडे सकाळ असणार. तिने नेहमीसारखं छोटीला पुढे केलं नाही.

"बाबा, नकार आलाय. दहा वर्षं अर्ज करता येणार नाही."

"अगं, मी तुला..."

"सोबत तुमचं पत्र जोडलंय. वाचलं मी."

तिकडे नळ चालू होता. तिने बंद केला.

"कधी सांगणार होतात?"

"तिकडे आल्यावर," मी म्हणालो. उत्तर किती मूर्खपणाचं आहे ते मला बोलतानाच कळलं.

"आईला माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे घरात फक्त मलाच माहीत नव्हतं. मी वर्गात पालकांसमोर उभी राहून निबंध वाचला होता, बाबा. माझ्या बाबांचा परदेश. तुम्ही दोघं पहिल्या बाकावर बसला होतात. टाळ्या वाजवल्यात."

वाजवल्या होत्या. बायकोचे डोळे भरून आले होते आणि लोकांना वाटलं कौतुकाने.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "त्यांना सांग की तुला काही माहीत नव्हतं. मी पुन्हा लिहून देतो. कोर्टात येऊन सांगतो."

"कसे येणार?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "फॉर्म मी भरलाय, त्यामुळे मलाही नोटीस आलीय. माझ्या इथल्या कायमच्या वास्तव्याच्या परवान्याची फाईल थांबवलीय त्यांनी. चौकशी होईल म्हणे."

एका पोराच्या आईला मी मारलं होतं, त्याची शिक्षा भोगली होती. ही शिक्षा माझ्या पोरीच्या नावावर लागली होती आणि तिच्याऐवजी मी ती भोगायची सोय कुठे नव्हती.

"छोटीचं काय?" मी कसंबसं विचारलं.

"सोमवारी सोडणार. तिला सांभाळायला सरकारने एक कुटुंब दिलंय. घर बघून आले. माणसं बरी दिसतात, त्यांच्याकडे कुत्रा आहे. भाषा कळणार नाही तिला त्यांची, पण सहा आठवडेच तर आहेत." मग तिचा आवाज जरा बदलला. "आत्ता हॉस्पिटलचा फॉर्म भरत होते. काही झालं तर कळवायला जवळचं माणूस विचारलंय. खालच्या मजल्यावरच्या बाईंचं नाव लिहिलं."

"माझं लिही की. मी फोन उशाशी ठेवीन."

"त्यात माणूस विश्वासाचं पाहिजे, असंही लिहिलंय, बाबा. आणि मी आता फॉर्मवर खोटं लिहीत नाही."

मागे छोटी रडायला लागली. "ठेवते," म्हणून तिने फोन ठेवला. छोटीला आता तिलाच वाकून उचलायचं होतं, पाठीला बेल्ट बांधून.