न लिहिलेला नकार

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, खिशात मावेल एवढीच. कल्याणच्या बाजारात डझनाच्या गठ्ठ्यात पडून होते. खडवलीच्या नंदाने मला उचललं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर ती नर्सिंग शिकत होती आणि इंग्रजीने तिला रडकुंडीला आणलं होतं. आंबिवलीचे निवृत्त शिक्षक प्रफुल्ल सर तिला दर रविवारी शिकवत.

एकदा सरांनी माझ्यावर लिहिलं, 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक.' मग विचारलं, "चहा प्यायचा की नाही?"

"प्यायचा. नॉट कुठंय यात?"

"नंदाताई, 'टू हॉट' म्हणजे प्रमाणाबाहेर गरम. इतका, की पिताच येत नाही. नकार त्या 'टू'च्या पोटातच असतो. 'हॉट इनफ' म्हटलं असतं, तर हवा तेवढा गरम."

नंदाने त्याखाली लाल पेनाने इतक्या रेघा ओढल्या, की माझा कागद फाटायला आला.

पुढे तिला कल्याणच्या एका लहान रुग्णालयात काम लागलं. मी तिच्या एप्रनच्या खिशात असायचे. कुणी तिच्या इंग्रजीला हसलं, की ती खिशावर हात दाबून धरी.

एका दुपारी आंबिवलीच्या राघोबाबांना तपासणीसाठी ठाण्याला न्यायचं होतं. म्हाताऱ्याचं हृदय थकलेलं. डॉक्टर त्यांच्या कागदावर एक ओळ खरडून घाईने ऑपरेशनला गेले. वॉर्ड सांभाळणाऱ्या साईनाथने ती वाचली.

"शिफ्टेड टुडे. चला, आजच हलवायचंय. अँब्युलन्स खाली लागलीये."

नंदाने कागद घेतला. 'ही इज टू वीक टू बी शिफ्टेड टुडे.'

"साईनाथदादा, थांबा. न्यायचं नाही, असं असावं हे."

"नॉट कुठंय? दाखव ना!"

तिने मला घाईघाईने उघडलं. तिचा घाम माझ्या पानावर उतरला. बोट लाल रेघांवर थांबलं.

राघोबाबांचा मुलगा सुदेश ओरडला, "ताई, उशीर होऊन बाबांना काही झालं तर? बाजूला व्हा!"

"दादा, पाच मिनिटं द्या. तोवर त्यांना खाटेवरून उचलू नका. हात जोडते."

ती ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत धावत गेली. दोनदा ठोठावलं, कुणी आलं नाही. मागे स्ट्रेचरची चाकं वाजली. तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं. फट उघडली. तिने एका दमात सगळं सांगितलं.

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "अजिबात हलवू नका! वाटेतच जातील ते."

साईनाथ मान खाली घालून अँब्युलन्स परत पाठवायला गेला. सुदेश बापाच्या पायाशी जाऊन बसला. संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतःच्या ओळीखाली मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं, 'आज हलवू नये.' चार दिवसांनी राघोबाबा ठाण्याला गेले आणि बरे होऊन परतले.

आता नंदा सफाईने इंग्रजी वाचते. मी कपाटात, बँडेजच्या खोक्याखाली असते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, एक ऐका. भरलेली वही रद्दीत टाकू नका. त्या दुपारी नंदाला नियम धड आठवत नव्हता. तिला फक्त एवढं ठाऊक होतं, की आपल्याला खात्री नाही आणि खात्री करायला कुठलं पान उघडायचं.