वाटीभर रेंज

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वाटीचं झाकण टिणकन वाजलं आणि दुपारची शांतता मोडली. वृंदाने वळून पाहिलं. दोन वाट्यांपैकी डावीकडच्या वाटीचं झाकण जरासं उचललं जात होतं आणि पुन्हा बसत होतं, आत दूध तापल्यासारखं.

ही शांतता नेहमीची नव्हती. मंगळवारी तिची मोबाईल कंपनी बंद पडली आणि तेव्हापासून वृंदाचा आणि तिच्या लेकीचा, जुईचा, आवाज बंद होता. दोघी एकाच नंबरवर होत्या. जुई जन्मली तेव्हा दवाखान्यातच तिला आईच्या नंबरला जोडून घेतलं होतं; सगळेच घेतात. नळ वाजायचा, कुकर शिट्ट्या द्यायचा, जिन्यात चपला वाजायच्या. पण चार वर्षांची जुई समोर उभी राहून ओठ हलवायची आणि त्यातून काही यायचं नाही. वृंदा उत्तर द्यायची, ते तिच्या दातांच्या आतच राहायचं.

नवऱ्याचा, वल्लभचा, आवाज मात्र ठणठणीत होता. त्याचं कनेक्शन ऑफिसचं. तो बोलला की भिंतींनाही ऐकू जायचं. त्याला काही सांगायचं असेल तर ते आधी ऑफिसात पोचायचं आणि तिकडून सवडीने त्याला मिळायचं.

"तूच ठरव बाई," आज सकाळी टूरवर निघताना बुटाची नाडी बांधत तो म्हणाला होता. "घरात तू असतेस. मला काय, कुठलीही कंपनी चालेल."

तो गेला आणि उरलेल्या दोन्ही कंपन्यांची माणसं एकदमच आली. दारात शेजारी शेजारी चपला काढल्या आणि सोफ्याच्या दोन टोकांना बसली. कंपनीच्या माणसांशी बोलायला रेंज लागत नाही, त्यामुळे वृंदाला त्यांचं ऐकू येत होतं आणि त्यांना तिचं.

"निनादचं इनकमिंग," अबोली साडीतल्या बाई म्हणाल्या. "मुलगी काय बोलते ते तुम्हाला ऐकू येईल. झोपेत पुटपुटली तरी."

"आणि मी बोलेन ते?"

"ते नाही जाणार."

"आमच्या सादवेलचं आउटगोइंग," सफारीतले गृहस्थ म्हणाले. "तुमचा शब्द न् शब्द तिच्यापर्यंत जाईल. तिचा तुमच्यापर्यंत येणार नाही."

"दोन्ही देणारी कुठली नाही का?"

"होती," बाई म्हणाल्या. "मंगळवारपर्यंत."

मग त्यांनी पिशवीतून एकेक झाकलेली स्टीलची वाटी काढली. वाटीत नमुन्याची रेंज होती. एका वेळी एकच झाकण उघडणार. एक उघडलं की दुसरं आपोआप बसणार. दिवेलागणीला ते परत येणार होते. नको असेल ती वाटी त्यांना द्यायची, उरेल ती आपली.

"नंतर बदलायची झाली तर?" वृंदाने विचारलं.

"मुलगी तुमच्या उंचीची झाली की बदलता येते," गृहस्थ म्हणाले.

चहा त्यांनी घेतला नाही. नमुना वापरून होईपर्यंत गिऱ्हाइकाकडचं काही तोंडात घालायचं नसतं म्हणे.

आता डावीकडचं झाकण थांबायला तयार नव्हतं. वृंदाने ते उचललं.

"...तर ती मुंगी म्हणाली, माझा पाय दुखतोय. मी म्हटलं, तुला तर सहा आहेत, एक दुखला म्हणून काय झालं? मग ती रडली. मग मी तिला बेसिनवर नेलं, कारण रडल्यावर तोंड धुवायचं असतं..."

वृंदा ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. मंगळवारपासून साठलेलं सगळं एका दमात बाहेर येत होतं, आणि जुईचा आवाज थोडा घोगरा झाला होता, सर्दीचा. म्हणजे पोरीला सर्दी झाली होती आणि आपल्याला पत्ताच नाही. "मग काय झालं?" ती म्हणाली. जुई बोलायची थांबली आणि तिच्या ओठांकडे पाहत राहिली.

वृंदाने उजवीकडची वाटी उघडली. डावीकडचं झाकण खट्कन बसलं.

"जुई. ये गं माझी साळुंकी."

जुई अशी धावत आली की वृंदाचं डोकं ओट्याच्या फळीवर आपटलं. ती हसत होती, सगळं अंग हलत होतं, आवाज नव्हता. मग तिने लांबलचक काहीतरी सांगितलं आणि शेवटी भुवया वर केल्या. प्रश्न होता. "हो," वृंदा अंदाजाने म्हणाली. जुईचा चेहरा उतरला. "नाही, नाही, अजिबात नाही," वृंदा घाईने म्हणाली, आणि तो पुन्हा उजळला.

कितीतरी वेळ ती एक झाकण लावत होती, दुसरं उघडत होती. दर खेपेला ओटा वीतभर आखूड व्हायचा. मिक्सर आधी काठावर आला, मग तिने तो खाली ठेवला. थोड्या वेळाने ओट्यावर शेगडी आणि दोन वाट्या एवढंच मावत होतं, आणि हॉलची भिंत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती.

दारावर थाप पडली. शेजारच्या शिंगाडेकाकू. वृंदाने पटकन डावीकडची वाटी उघडली.

"ही घे तुझी वाटी, उसळीची," काकू म्हणाल्या. "रिकामी कशी आणू, म्हणून रव्याचे दोन लाडू घातलेत. बोलू नकोस, मला ऐकू येत नाही. मी सादवेल घेतलं." त्या उंबऱ्यावरच टेकल्या, कारण आत बसायला जागा राहिली नव्हती. "हे दिवसभर हातवारे करतात आणि मी बोलते. सुख आहे गं. बोहल्यावरच घ्यायला हवं होतं."

वृंदा हसली. काकू हसल्या नाहीत. त्या दाराआडून डोकावणाऱ्या जुईकडे बघत होत्या.

"तुझं वेगळं आहे पण. लेकरू लहान आहे. पोराचं तोंड बघून आईला कळतं. आईचं तोंड बघून पोराला काय कळणार? त्याला हाक मारायला कुणीतरी लागतं. आपण बोलायचं."

काकू, तुमचा निखिल फोन करतो तेव्हा, असं विचारायला वृंदाने तोंड उघडलं. काकूंना ते दिसलं.

"येतो ना फोन," त्या उठत म्हणाल्या. "मी बोलत राहते. तो काय म्हणतो, त्यालाच ठाऊक."

काकू गेल्यावर वृंदाने ठरवलं. आउटगोइंग. आपण चेहऱ्यावरून भागवू, सर्दी कपाळाला हात लावूनही कळते. पण पोरीला हाक ऐकू गेली पाहिजे. डावीकडचं झाकण लावण्याआधी तिने मुंगीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली. मुंगी बरी झाली होती आणि बालवाडीत जायला लागली होती. जुईचा श्वास नाकात वाजत होता, तोही तिने थोडा वेळ ऐकला. मग झाकण बसवलं.

दिवेलागणीला दोघं आले. सोफा इतका लहान झाला होता की त्यांचे गुडघे एकमेकांना लागत होते. वृंदा स्वयंपाकघरातून निनादची वाटी घेऊन निघाली. नमुना संपला होता, बूड स्वच्छ चमकत होतं. उंबऱ्याशी तिचा पाय अडला. रिकामी वाटी दुसऱ्याच्या हातात कशी ठेवायची? आजवर या घरातून गेली नव्हती, आईच्या घरातूनही नाही. ती मागे वळली, काकूंच्या लाडवांतला एक उचलून वाटीत घातला, झाकण ठेवलं आणि वाटी बाईंच्या हातात दिली.

बाईंनी झाकण काढलं. लाडवाकडे बराच वेळ पाहिलं.

"भरून दिलीत," त्या म्हणाल्या.

"अहो, असंच. रिकामी द्यायची नसते."

"नसतेच. रिकामी आली असती तर आपला संबंध संपला असता. भरली आली म्हणजे चालू ठेवलात."

"नाही, मला ही परत करायची होती. मला सादवेल हवी आहे."

"नको नको सगळ्याच म्हणतात हो," बाई मायेने म्हणाल्या. "आपल्यात तशीच पद्धत आहे. म्हणून कंपनी बोलण्याकडे लक्ष देत नाही, वाटी बघते." त्यांनी लाडू मोडला आणि खाल्ला.

गृहस्थ उठले. एका पावलात स्वयंपाकघरात पोचले आणि आपली वाटी घेऊन आले. तिला उपडी करून तळहातावर टिचकावली. काही पडलं नाही.

"आमची रिकामीच," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं, हे दिसत होतं.

"थांबा, तुमच्यातही घालते, एक आहे अजून." वृंदा दुसरा लाडू घेऊन आली. गृहस्थांनी वाटीवर हात ठेवला.

"एका नंबरला एकच, ताई."

"मग निदान तिला एकदा सांगू द्या. एकच वाक्य. मी इथेच आहे म्हणून."

"कशाला? दिसताय की तुम्ही," बाई म्हणाल्या. त्यांनी जाता जाता जुईची हनुवटी धरली, बोटं आपल्या ओठांना लावली. दोघांनी चपला घातल्या. "थांबा ना," वृंदा म्हणाली, आणि कडी लागल्यावर हा शब्दही दातांच्या आत परतला.

आता जुईचं सगळं ऐकू येत होतं. नाकातला श्वास, गिळलेली थुंकी, फ्रॉकची शिवण गुडघ्याला घासत होती तीसुद्धा. "आई, मला भूक लागली." वृंदाने लाडू पुढे केला. तो जुईच्या हातापाशी गेला आणि तिथेच राहिला, जुईची बोटं त्याच्यातून मिटली. आउटगोइंग बंद म्हणजे फक्त आवाज बंद असं तिला वाटलं होतं. तिने जुईच्या गालावर हात ठेवला. गाल दबला नाही. तिने मान हलवली, हसली, दोन्ही हात पसरले. जुई भिंतीवरच्या चित्राकडे बघावं तशी बघत राहिली, आणि चारही भिंती दोघींच्या खांद्यांना येऊन टेकल्या.

"आई," जुई म्हणाली. "कट्टी घेतलीस का माझ्याशी?"

वृंदा नाही, नाही, नाही म्हणत होती.

जुईने नाक ओढलं. मग समजूतदार आवाजात विचारलं,

"किती दिवसांची?"