वरची भिंत

टेकडीवरची पलटण कधीच गेली. तोफांचे ओटे आणि दोन भिंती तेवढ्या उरल्या, एक माथ्यावर, एक खाली उताराला. पाऊस ओसरला की लडक्या माथ्यावरच्या भिंतीला चुना मारायचा. त्याचा बापही मारायचा. नरपडकडून येणारी होडी ती पांढरी भिंत नाकासमोर धरून खाडीत शिरते. जरा ढळली की खडक. मोबाईलमध्ये नकाशे आले म्हणे, येऊ देत! संध्याकाळच्या धुरकटात वळताना डोळा भिंतीवरच जातो.

यंदा लडक्याचे गुडघे धरले, म्हणून त्याने घरजावयाला, तुषारला पाठवलं. तुषार घटकाभरात परतला. एवढ्या लवकर कसा, हे लडक्याच्या मनात आलं आणि गेलं.

आठवड्याने संध्याकाळच्या धुरकटात होडी खडकावर फुटली. सुकाणूवर लडक्याचाच मुलगा होता, प्रविण. बाकीचे पोहून आले, तो नाही आला. पोरगं पिऊन होतं, असं बंदरात पसरलं. अहो, प्रविण ताडीला शिवत नव्हता! त्याची आई गंगी ज्याला त्याला हेच सांगत फिरायची आणि लोक मान हलवून वाटेला लागायचे.

प्रविणचे दिवस झाल्यावर लडक्या कसाबसा टेकडी चढला. वरची भिंत काळी ठिक्कर, खालची पांढरीशुभ्र. त्याने तुषारला एकट्याला गाठलं. तुषार ढसाढसा रडला. वर कमरेएवढं गवत होतं, सापाची भीती वाटली, भिंत ती भिंत असं वाटलं, म्हणाला. लडक्याला त्याला तुडवावंसं वाटलं. पण तुषारच्या बायकोला, दक्षाला सातवा महिना होता. लेकीचं घर मोडून पोरगा थोडाच परत येणार होता? प्रविणवरचा डाग मात्र धुवायलाच हवा होता.

पाडा जमला तेव्हा लडक्या उभा राहिला.

"प्रविण पिऊन नव्हता. वरची भिंत पडायला आलीय, खालचीला चुना मार, असं तुषारला मीच सांगितलं. चूक माझी."

तुषारने मान वर केली नाही.

घरी आल्यावर गंगीने आपली गोधडी उचलून दक्षाच्या खोलीत नेली. नवऱ्याचं तोंड बघवत नाही, म्हणाली. मग तिने ताट वाढलं आणि जावयाला हाक मारली.

"ये बाबा, जेव. आता तूच माझा पोरगा."

बाहेर घराच्या ओट्यावर बसलेल्या लडक्याने ते ऐकलं. कुणी त्याला जेवायला हाक मारली नाही. त्याने बादली ओढली आणि चुना भिजत घातला. वरची भिंत अजून काळीच होती.