अण्णांची माघार

लिलावात एकदा तोंडातून भाव गेला की माघार नाही, हा वाल्मीकअण्णांचा जन्माचा नियम. विंचूरच्या मार्केटात ट्रॉलीतला कांदा बघून पटकन भाव बोलण्यात त्यांची हयात गेली. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि मुलाने त्यांना नाशिकला घरी आणलं. हातपाय सुधारले. डोक्याचा मात्र त्यांना भरवसा वाटेना, आणि डोकं चुकणाऱ्याने लिलावात उभं राहू नये, हे कोणी सांगायला नको होतं.

म्हणून त्यांनी स्वतःचीच परीक्षा घ्यायची ठरवली. सून तेजस्विनीच्या कपाटातली सगळ्यांत जाडजूड खुनाची कादंबरी त्यांनी उचलली. ती सगळी ध्यानात राहिली तर परत विंचूर, नाहीतर आपलं कांद्याचं खळं मार्केटातल्या कोंडाजीला भाड्याने देऊन मोकळं व्हायचं. बिचारा केव्हाचा मागत होता.

गोष्ट भलतीच काळीकुट्ट. डॉक्टरीणबाईंचा खून कसा झाला, ते त्यांचाच कंपाउंडर सांगत होता. अण्णा असे रंगले की चहा निवून जायचा. पण अर्ध्यावर घोळ सुरू झाला. बाईंच्या खोलीला आतून कडी होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं, आणि आता म्हणे दार सताड उघडं! कंपाउंडरची बायको तापाने गेली होती ना? मग ही माहेरी कशी? दुसऱ्या कोणी मागचं पान उलटून बघितलं असतं. पण लिलावात बोललेल्या भावाकडे वळून न बघणारा माणूस पानाकडे कशाला बघेल! आपलं डोकं गेलं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी त्यांनी तेजस्विनीला हाक मारून सांगितलं, कोंडाजीला होकार कळव. तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा कडीचं, बायकोचं सगळं बाहेर आलं. आणि ऐकता ऐकता ही पोरगी चक्क हसायला लागली. अण्णा भडकलेच. तिने मागची पानं उलटून त्यांच्यापुढे धरली. कडी होती. बायको तापानेच गेली होती.

"अण्णा, तुम्ही नाही चुकलात. तो कंपाउंडर खोटं बोलतोय. मला हे पार शेवटी कळलं होतं."

अण्णा ती पानं पुन्हा पुन्हा वाचत राहिले. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"लबाड मेला," ते म्हणाले. "वर चांगला माल लावून खाली सडका भरलाय. अन् मी आपला माझ्याच डोक्यावर संशय घेतोय."

कोंडाजीकाकांना आता काय कळवू, असं तेजस्विनीने विचारलं. वर चिडवलंही, की एकदा बोललेलं तुम्ही मागे घेत नाही ना?

"आजच्या दिवस घेतो," अण्णा म्हणाले. "सांग त्याला, खळं द्यायचं नाय. सोमवारी लिलावाला मीच येतोय."

आणि पुस्तक ओढून घेऊन ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसले.